समोर बंदर, ताटात तुकडी: मालवणातल्या एका खानावळीची दिवाळी

पर्यटन व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या खानावळवाल्यांच्या आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण नेहमी चर्चेला ठेवतो. खानावळ मालवणची, जेटीपासून चालत दहा मिनिटांवर. आठ टेबलं, मागे घर, घराच्या पडवीत मासे साफ करायची जागा. मालक, त्याची बायको, त्याची आई आणि शेजारची एक बाई असा सगळा कारभार. मालकाने हिशेबाची वही मोकळेपणाने दाखवली. अट एकच घातली की खानावळीचं नाव छापायचं नाही.

प्रसंग

२०१९ची दिवाळी कोकणात ‘क्यार’ या नावाने लक्षात राहिली आहे. २४ ऑक्टोबरच्या सुमारास अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, दुसऱ्या दिवशी त्याचं वादळ झालं. रत्नागिरीपासून शे-दोनशे किलोमीटरवर येऊन ते ओमानच्या दिशेने वळलं आणि नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ तारखेला, महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ त्याआधी २००७ मध्ये झालं होतं, ‘गोनू’. क्यार किनाऱ्याला लागलं नाही, पण कापणीला आलेलं भात पावसाने आडवं केलं आणि होड्या वर ओढायला लावल्या. समुद्र थोडा निवळतोय म्हणेपर्यंत लक्षद्वीपकडे ‘महा’ उभं राहिलं. नारळी पौर्णिमेनंतर ज्या हंगामावर वर्षाची भिस्त असते, त्यातले ऐन दिवस बंदरातच गेले.

पर्यटक मात्र आले. सुट्ट्या ठरलेल्या, गाड्या ठरलेल्या, खोल्यांचे पैसे भरलेले. भाऊबीज २९ला होती. दुसऱ्या दिवशी, बुधवारी ३० तारखेला दुपारी, पुण्याहून चोवीस जणांचा गट या खानावळीत जेवणार होता. तीन आठवड्यांपूर्वी फोनवर बुकिंग झालं होतं: अठरा सुरमई थाळ्या, सहा पापलेट थाळ्या. निम्मे पैसे आगाऊ जमा.

मंगळवारी संध्याकाळी मालक लिलावाच्या जागी गेला, तेव्हा तिथे लिलाव असा नव्हताच. एरवी या वेळेला वाळूवर सुरमई, सौंदाळे, बांगडे, लेपी, माकुळ (स्क्विड) यांचे ढीग पडलेले असतात आणि त्यांच्याभोवती बोली चाललेली असते. त्या दिवशी कर्लीच्या खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून आलेल्या दोघातिघांकडे शेवटे होते, थोडी काळुंदरं होती (दोन्ही खाडीचे मासे), एका बाईकडे कुर्ल्या (खेकडे) होत्या, दुसरीकडे ओहोटीला काढलेल्या तिसऱ्या (शिंपल्या). संपला बाजार. सुरमई एका व्यापाऱ्याकडे होती. बर्फाच्या पेटीतली, दुसऱ्या बंदरावरून आलेली, दर एरवीच्या जवळजवळ दुप्पट. मालकाने दोन मोठ्या सुरमया घेतल्या. बुकिंगवर नाव सुरमईचं होतं, आगाऊ पैसे सुरमईचे होते. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

घरी त्याच्या आईने पेटी उघडून बघितली. म्हातारी सत्तरी ओलांडलेली, पण माशाला हात लावायचं काम अजून तिचंच. तिने कल्ला उचलला, आत लालऐवजी मातकट तपकिरी. पाठीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. पोटाशी वास घेतला. सुरमईच्या अंगावर जी चांदीची झाक असते ती जाऊन कातडी राखाडी झाली होती. ती म्हणाली, “ह्यां माका नको. घरच्यांका घालशीत?”

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण प्रशिक्षणात प्रत्येक वेळी हिच्यावरून वाद होतो. बर्फातला मासा म्हणजे वाईट मासा नव्हे. जाळ्यातून काढल्याबरोबर होडीवरच नीट बर्फात लावलेला मासा, वाळूवर चार तास उन्हात पडलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा केव्हाही चांगला. ही सुरमई बाहेरून आली म्हणून नाकारली नाही. ती मध्ये कुठेतरी बर्फ सुटलेल्या अवस्थेत राहिली होती, म्हणून नाकारली.

रात्रीचा फोन

मालकाकडे तीन वाटा होत्या. तीच सुरमई मसाला जड लावून, तेलात कडक तळून वाढायची. रव्याचा जाड थर आणि भरपूर मिरचीपूड यांच्या आड बरंच काही लपतं, आणि पर्यटनाच्या गावात हे रोज कुठे ना कुठे होतं. दुसरी वाट म्हणजे बुकिंग रद्द करून पैसे परत. तिसरी, जे आहे ते सांगून जे आहे ते वाढायचं.

व्यापाऱ्याने मासा परत घेतला, पैसे थोडे कापून. मग रात्री नऊच्या सुमारास मालकाने गटाचं नेतृत्व करणाऱ्या बाईंना फोन लावला. दोघांच्याही तोंडून मी हे संभाषण ऐकलं आहे, आणि गंमत म्हणजे दोघांनाही ते जवळपास सारखंच आठवतं.

“दादा, आम्ही बंदरावर जेवायला येतोय आणि तुम्ही सांगताय मासे नाहीत?”

“ताई, मासे आसत. सुरमई नाय.”

“म्हणजे समोर समुद्र असून...”

“दर्यात चार दिवस कोण गेलोच नाय, तर सुरमई खयसून येतली?”

त्याने पर्याय सांगितला. खाडीचे तळलेले मासे, कुर्ल्यांची आमटी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किस्मूर (सुक्या कोलंबीची खोबरं घातलेली कोरडी चटणी), भात, भाकरी, सोलकढी. थाळीचा दर एक तृतीयांश कमी. नको असेल तर आगाऊ पैसे सकाळी परत. बाईंनी गटात विचारून तासाभराने कळवलं: सतरा जण येतील तसं खातील, सात जणांना कोंबडी-वडे द्या.

या फोनची वेळ महत्त्वाची आहे. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी टेबलावर बसल्यावर सांगितली असती, तर तिला फसवणुकीचा वास आला असता. आदल्या रात्री सांगितल्यामुळे ती अडचण राहिली, आणि पाहुण्यांना दुसरीकडे जायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे ‘आल्यावर बघू’ हा जो शिरस्ता आहे, तो अशा वेळी फार महागात पडतो.

सकाळची पडवी

बुधवारी सकाळी सहाला काम सुरू झालं. या भागाकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरमई असती तर काय झालं असतं? तीन किलोच्या सुरमईचं डोकं-शेपूट काढलं की सोळा-सतरा तुकड्या पडतात. अंगावर खवल्यांचा त्रास नाही, मधे एक कणा, बाकी मांस. सराईत हाताला वीसेक मिनिटं लागतात. डोकं आमटीला. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा रस), मालवणी मसाला लावून ठेवलं की झालं. गिऱ्हाईक बसल्यावर रव्यात घोळवायचं आणि तव्यावर टाकायचं.

त्या दिवशी तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवलेल्या होत्या, वाळू टाकण्यासाठी. पावसाने खाडी गढूळ होती, त्यामुळे दोनदा पाणी बदलावं लागलं होतं. मग एकेक तिसरी आडाळ्याच्या (विळीच्या) पात्यावर धरून उघडायची, मांस असलेली शिंपली ठेवायची, रिकामी फेकायची. सतरा माणसांना पुरेल एवढ्या तिसऱ्या उघडायला दोन बायकांचे दोन तास गेले. काळुंदराचे खवले घट्ट आणि पाठीचे काटे बोचरे, हात फाटतात. शेवट्याचं पोट काळजीने साफ करावं लागतं, चिखल खाणारा मासा, आतली काळी पातळ साल राहिली की आमटी कडू. कुर्ल्यांच्या मोठ्या नांग्या ठेचून बाजूला. बारीक पाय टाकून द्यायचे नाहीत, ते पाट्यावर वाटून रस गाळून घ्यायचा आणि आमटीत घालायचा. हा रस घातलेली आणि न घातलेली आमटी यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, पण मोठ्या हॉटेलात हे करायला कोणालाही वेळ नसतो. मालकाच्या आईने ते मिक्सरवर करू दिलं नाही. कवचाचे बारीक कण गाळणीतून जातात म्हणे. हे मात्र मला पटलं नाही, दुहेरी फडकं लावलं तर मिक्सरचंही चालतं.

खोबरं घरच्या माडाचं, तांदूळ गावातला उकडा, आमसुलं आणि आगळ उन्हाळ्यात केलेलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या घरांत ते विकत आणायची वस्तू अजून फारशी नाही. तिरफळं त्या दिवशी वापरलीच नाहीत. ती बांगड्याला, तारल्याला, म्हणजे तेलकट माशाला. कुर्ल्यांत तिरफळ घातलं तर म्हातारी ताट उचलून नेईल.

जेवण

गट दीडला आला. पहिली पंधरा मिनिटं बरी गेली, मग मुलांच्या तोंडात काटे येऊ लागले. शेवट्याला काटे बारीक. दोन आया मुलांच्या ताटातला मासा वेचून देत बसल्या, स्वतःचं जेवण थंड. मालकाच्या बायकोने आतून वड्यांचं आणि कोंबडीच्या रश्श्याचं एक जादा पातेलं आणून मुलांपुढे ठेवलं, पैसे न लावता. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कुर्ल्यांनी वेळ खाल्ला. ज्यांना खाता येतात ते रमले, ज्यांना येत नाहीत ते नांगी हातात धरून शेजाऱ्याकडे बघत राहिले. एरवीची सुरमई थाळी चाळीस मिनिटांत उठते. हा गट पावणेदोन तास बसला. बाहेर पावसात थांबलेली दोन कुटुंबं निघून गेली.

बिलाच्या वेळी एका गृहस्थांनी कुरकुर केली: “पापलेटचं बुकिंग होतं, हे चिखलातले मासे आहेत, मी शाकाहारी थाळीचे पैसे देणार.” बाईंनीच त्यांना गप्प केलं, कारण रात्री गटात विचारलं तेव्हा त्यांनी होकार दिला होता. दुसऱ्या टोकाला एक आजोबा होते, ते किस्मूर तीनदा मागून घेऊन सुक्या सुंगटांचा भाव विचारत बसले. जाताना गटातल्या तिघांनी सुकी मासळी, आगळ आणि मालवणी मसाला विकत घेतला. हे उत्पन्न कोणाच्याच हिशेबात नव्हतं.

वही काय सांगते? मासळीचा खर्च सुरमईच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी. दर तृतीयांशाने उतरवलेला. शेजारच्या बाईला दुप्पट मजुरी. दोन कुटुंबांचं बिल बुडालं, व्यापाऱ्याने कापलेले पैसे गेले, सुकी मासळी विकली त्याचे आले. सगळं धरून त्या दुपारी नेहमीपेक्षा थोडं कमी सुटलं, पण तोटा नाही.

तुकडीचं गणित

या प्रकरणावर चर्चा सुरू झाली की पहिलं बोट पर्यटकाकडे जातं. त्याला सुरमई आणि पापलेट सोडून तिसरं नाव माहीत नाही, सगळा दोष त्याचा. हे अर्धंच खरं आहे. माझं म्हणणं असं की सुरमई गिऱ्हाइकाने जेवढी निवडली, तेवढीच स्वयंपाकघराने निवडली आहे. तुकडी हे खानावळीचं चलन आहे. एक ताट, एक तुकडी, ठरलेलं वजन, ठरलेला दर. नवा पोरगासुद्धा तळू शकतो. उरली तर बर्फात राहते. काट्याची तक्रार नाही, टेबल लवकर रिकामं. छापील कार्ड ठेवायचं असेल तर त्यावर असाच मासा लागतो, जो वर्षभर एका मापात मिळेल. आणि जाळ्यात तर रोज एका मापाचं काही येत नाही. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, एकाच ओढीला पेडव्यांपासून मुडदुशांपर्यंत दहा जाती येतात. मग बंदर समोर असूनही पेटी दूरवरून मागवावी लागते, कारण कार्डाला समोरच्या बंदराचा उपयोग नसतो.

पापलेटच्या बाबतीत हे माप आणखी नडतं. गिऱ्हाइकाला ताटात अख्खं, डोक्यासकट पापलेट हवं. दर परवडायला हवा. म्हणजे मासा लहान हवा, तळहाताएवढा. तळहाताएवढा सरंगा (पापलेटचंच इथलं नाव) म्हणजे पुष्कळदा अंडी घालायच्या वयाला न पोचलेलं पिल्लू. राज्य सरकारने २०२३ मध्ये याच चंदेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. पण बंदरावर फूटपट्टी घेऊन किती जण उभे राहणार? लहान पापलेटची मागणी ज्या ताटातून सुरू होते, ते ताट बदललं तर कायद्याचं काम निम्मं हलकं होईल, असं मला वाटतं. मोठा सरंगा घेऊन तुकड्या करून वाढणारे मालवणात आहेत, पण ‘अख्खं नाही का?’ हे त्यांना रोज ऐकावं लागतं.

पुढे काय बदललं

त्या हिवाळ्यात मालकाने छापील कार्ड काढून टाकलं आणि दारात फळा लावला. बुकिंग घेताना तो आता माशाचं नाव कबूल करत नाही. कबूल करतो तो ताटाचा साचा: एक तळलेला, एक आमटीतला, एक सुका, त्या दिवशी मिळेल तो. त्याचा दर कायम. सुरमई, मोठा सरंगा किंवा शेवंड (लॉबस्टर) आली तर ती वेगळी, वजनावर, तळण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवून. ‘दरानुसार’ या शब्दावरून बिलाच्या वेळी जी भांडणं होतात, ती या दाखवण्याने बंद झाली. लहान मुलांसाठी बिनकाट्याचं काहीतरी, बहुतेक वेळा माकुळ किंवा कोलंबी, बाजूला ठेवलेलं असतं. कुर्ल्या फक्त रात्रीच्या जेवणाला, टेबलं अडकली तरी चालतात तेव्हा.

बांगड्याचं तिखलं त्याच्याकडे आता सगळ्यात जास्त खपतं. बांगडा स्वस्त आणि तेलदार. शिवाय तो ठेचलेल्या तिरफळाबरोबर आमटीत मुरतो तेव्हा त्याला रव्याचा आधार लागत नाही. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, हे प्रत्येक टेबलाला सांगावं लागतं. न सांगितल्यास एखादा पाहुणा जीभ बधिर झाली म्हणून घाबरतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. पूर्वी या काळात तो बर्फातली सुरमई ठेवायचा. आता पावसाळ्यात टेबलं निम्मी करतो आणि खाडीचे मासे, खारे बांगडे, किस्मूर, कुळथाची पिठी असं ताट लावतो. गिऱ्हाईक कमी, पण येतात ते त्यासाठीच येतात. दुसरीकडे, त्याच रस्त्यावरचं मोठं हॉटेल बाराही महिने सुरमई वाढतं आणि बाराही महिने भरलेलं असतं. प्रशिक्षणात कोणी तरी हे विचारतंच, आणि मी त्यावर ‘सचोटीचा विजय’ वगैरे काही सांगत नाही. त्या हॉटेलला साठ टेबलं आहेत, त्यांना तिसऱ्या उघडत बसून चालणार नाही. आठ टेबलांच्या खानावळीला जे जमतं ते साठ टेबलांना जमतंच असं नाही.

खरी अडचण वेगळीकडे आली आहे. २०१९ मध्ये पडवीत बसलेल्यांपैकी शेजारची बाई आता एका रिसॉर्टमध्ये खोल्या आवरायला जाते. पगार महिन्याचा, हाताला काटे टोचत नाहीत, तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. म्हातारीला बसवत नाही. नवी मुलगी ठेवली, तिला सुरमई कापता येते, काळुंदर साफ करता येत नाही. त्यामुळे रविवारी गर्दी असली की फळ्यावर पहिलं नाव पुन्हा सुरमईचंच असतं. समोरच्या बंदरावर त्या दिवशी सौंदाळे पडलेले असले तरी मालक ते उचलत नाही, साफ कोण करणार? त्याने आता लिलावाच्या जागीच मासे साफ करून देणाऱ्या बायकांशी बोलणी सुरू केली आहेत. किलोमागे ठरलेले पैसे, सकाळी आठपर्यंत साफ मासा घरपोच. दर अजून जुळलेला नाही. बायका मागतात ते रास्त आहे, असं मालक स्वतःच म्हणतो, पण मग थाळीचा दर वाढवावा लागेल, आणि बांगड्याच्या थाळीला तेवढे पैसे द्यायला पुण्याचं गिऱ्हाईक तयार होईल का, याचा अंदाज त्याला दिवाळीनंतरच येणार आहे.